माझ्यावर राज्य आलं आणि मी हरले

मंडळी, आज दुसरीच्या चिल्ल्यापिल्ल्यांनी माझी पार जिरवली.

आमची शाळा डिलाईल रोडची. शेवटच्या तासाला पोरं कंटाळली होती, म्हणून 'म्याऊ'चा खेळ घेतला. ज्याच्यावर राज्य त्याचे डोळे बांधायचे, मागून कोणीतरी म्याऊ म्हणायचं आणि आवाजावरून नाव ओळखायचं.

दहा मिनिटांत वर्ग ओरडायला लागला, "आता बाईंवर राज्य!" माझीच ओढणी माझ्या डोळ्यांवर. मी म्हटलं, "या रे एकेक जण, बाई सगळ्यांना ओळखतात." आणि ओळखलं की धडाधड! आर्यन, सानिका, अगदी नाक चोंदलेला वेदसुद्धा.

मग एक म्याऊ आलं. बारीक, पण छान खणखणीत. मला नावच सुचेना.

"हा आपल्या वर्गातला आवाज नाही. तिसरीतलं कोण आलंय रे?"

सगळे खदाखदा हसले. ओढणी काढली तर समोर स्वरा, तोंडावर हात दाबून हसत होती.

स्वरा जूनपासून माझ्या वर्गात आहे. हजेरीला ती नुसता हात वर करते, शेजारची सानिका तिच्या वतीने "हजर बाई" म्हणते आणि मी, लाजरी आहे पोर, असं म्हणून पुढचं नाव घेते. रोज.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, डोळे बांधले तर तुमच्या वर्गातला कोणता आवाज तुम्हाला ओळखता येणार नाही?

शाळा सुटताना स्वरा जवळ आली. माझी ओढणी ओढत म्हणाली, "बाई, उद्या परत तुमच्यावर राज्य."