अंगठा रायला

साऱ्या कोकणात पाहुण्याच्या तोंडाआधी त्याचे हात पाहणारी बाई एकच, आणि ती माझ्या बायकोची कुडपणची मावशी. तिच्या उंबऱ्याशी साबण आणि भरलेली कळशी कायमची. हात धुतले की ती डोळे मिटून ते हुंगायची, ओंजळीत मोगरा असावा तशी, आणि ठरलेलं म्हणायची, "अंगठा रायला." लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा जावई म्हणून माझं औक्षण झालं, पण अंगठा दुसऱ्यांदा धुतल्यावर. पूजेला आलेल्या भटजींनाही तिने सोडलं नव्हतं. प्यायचं पाणी खळखळा उकळेपर्यंत ती चुलीपुढे वाफेकडे बघत बसायची. समोरच्या डोंगरावरचं धुकं आणि ती वाफ यांत तिला फारसा फरक वाटत नसावा. हाक मारली तरी ओ देत नसे.

आमची लेक वर्षाची असताना तिथेच तिला जुलाब लागले. दुपारपर्यंत शीतून रक्त पडू लागलं, डोळे खोल गेले, रडायचंही बळ उरलं नाही. शेजारीण म्हणाली, नजर लागली, दूधपाणी बंद करा. आणि मूठभर मीठ ओवाळून चुलीत टाकायला निघाली. मावशी एकदम भानावर आली.

"मीठ इस्तवात नको गो, पोरीच्या पोटात जाऊ दे," ती म्हणाली. तिने उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातलं. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये, हे तिचं माप. त्या दिवशी ते माप आम्हा नवराबायकोकडे भरपूर होतं. बायकोला तिने अंगावर पाजणंही थांबवू दिलं नाही, आणि रक्त दिसलं की घरी बसायचं नाही म्हणून जीप मागवली.

घाट उतरताना मला पोर हातची जाणार एवढंच दिसत होतं. मावशी मात्र "हा चमचा ढवळीचा, हा सावित्रीचा" असं गुणगुणत एकेक नदी तिच्या ओठांत सोडत होती. उलटी झाली की जरा थांबायची, मग पुन्हा ढवळीपासून सुरुवात. पोलादपूरला डॉक्टरांचे हात हुंगूनच तिने पोर त्यांच्याकडे दिली. त्यांनी औषध सुरू केलं आणि म्हणाले, पाणी पाजत आणलंत म्हणून निभावलं. संध्याकाळी, दिवसभरात पहिल्यांदाच शू करून, लेकीने माझी पँट भिजवली. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

लेक आता कॉलेजात आहे. मावशी अंथरुणाला खिळली आहे आणि माणसं ओळखत नाही. परवा गेलो, तर उंबऱ्याशी कळशी नव्हती. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. लेक मागच्या दारी जाऊन हात धुऊन आली आणि ते तिने मावशीच्या नाकापाशी धरले. मावशीने डोळे मिटून हुंगले.

"कुणाची गो तू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघताच म्हणाली, "अंगठा रायला."

लेक पुन्हा हात धुवायला गेली.