दोन तिरक्या रेघा

रेकॉर्डमावशी झेरॉक्स काढायला आली की दुकानदार आधी कपाळाला हात लावायचा आणि मग न मागता तिच्यापुढे पेन सरकवायचा. आधारची प्रत मशीनमधून गरम गरम बाहेर पडली की ती तिथेच काउंटरवर ठेवून तिच्यावर दोन तिरक्या रेघा ओढायची आणि रेघांच्या मधे लिहायची, 'फक्त गॅसच्या नावबदलासाठी. दुसरीकडे चालणार नाही.' खाली सही, तारीख. मागची रांग चुळबुळत असायची. एखादी प्रत काळी किंवा वाकडी निघाली तर तीही मागून घ्यायची. "खराब निघालेली प्रतपण माझीच," असं म्हणायची, घरी आणून बादलीत भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी लगदा कचऱ्यात टाकायची.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या खोल्या एकाच मजल्यावर होत्या. ती माझी सख्खी मावशी नव्हे. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये तिची अख्खी नोकरी गेली, म्हणून चाळ तिला रेकॉर्डमावशी म्हणायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक भाचा नाशिकला. माझा तिच्यावर फार जीव होता. आणि तरीही तिच्याबद्दल नेमकं काय वाटून घ्यावं हे मला अजून कळलेलं नाही, ते मी आधीच सांगून टाकते.

एकदा ती मला सीफेसवर भेळ खायला घेऊन गेली. भेळेचा कागद उलटा केला तर तो कुणाचातरी रक्ताचा रिपोर्ट. नाव, वय, साखर, सगळं चिंचेच्या पाण्यात. मावशीने भेळ माझ्या हातात दिली आणि भेळवाल्याकडचा कागदांचा गठ्ठा चाळायला घेतला. तसले अजून नऊ रिपोर्ट निघाले. ते तिने पिशवीत भरले आणि त्याला आपल्या पिशवीतला पेपर दिला. "ह्या बाईला साखर आहे हे तिच्या सुनेला माहीत नसेल कदाचित, आणि तुला कळलं," ती मला म्हणाली. मी तेव्हा सातवीत होते. मला कुणाची साखर कळून काय करायचं होतं? पण घरी पोचल्याबरोबर तिने आधी ते सगळे रिपोर्ट बादलीत भिजत घातले.

तोंडाची तर इतकी पक्की की राग यावा. चाळीतल्या मुलींची लग्नं जमायला लागली की मुलाकडची माणसं हटकून तिच्याकडे चौकशीला यायची. घरात काही आजारबिजार? मावशी त्यांना बसवायची, चहा द्यायची, बिस्किटं द्यायची. "मला चहा बरा जमतो, बाकीचं काही येत नाही," एवढंच. माझ्या बाबांना टीबी होऊन गेला होता हे मला वयाच्या पस्तिशीत आईकडून कळलं. त्यांची फाइल दर महिन्याला मावशीनेच काढून दिली होती. मी तिला जाब विचारला, तर म्हणाली, "ते तुझ्या बाबांचं होतं. त्यांना वाटलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

अशा बाईकडे चाळीतले लोक आपली कागदं ठेवणार नाहीत तर कुठे? दहा बाय सोळाच्या खोल्या, वरून गळती, खालून उंदीर. तिच्याकडे एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात प्रत्येक घराची एक पिशवी, पिशवीत केस पेपर, आधारची प्रत, सरकारी योजनेचं कार्ड. रात्रीबेरात्री कुणाच्या छातीत दुखलं की आधी मावशीचं दार वाजायचं आणि मग टॅक्सी.

आणि ही बाई फसली. अजूनही हे वाक्य मला उच्चारायला जमत नाही.

आईच्या पित्ताशयात खडे झाले होते, योजनेतून ऑपरेशन व्हायचं होतं, तारीख मिळाली होती. त्या दुपारी मी रजेवर होते, दारात बसून मेथी निवडत होते. मावशीचा फोन वाजला. ती गॅलरीत उभी राहून बोलत होती आणि बोलता बोलता ताठ झाली. पलीकडचा माणूस म्हणत होता, हे तिने नंतर सांगितलं, की तो रेकॉर्ड रूममधूनच बोलतोय, तुमचं नाव इथल्या जुन्या लोकांनी दिलं. पेशंट टेबलवर आहे. ऑपरेशन थांबलंय, नाव तुमच्या चाळीतल्या बाईंच्या नावासारखंच, दोघींचे पेपर एकमेकांत गेलेत. तुमच्या बाईंची माहिती वाचून दाखवा, म्हणजे आम्ही वेगळे करतो.

दोन सारख्या नावांचे पेपर एकमेकांत जाणं, याची रेकॉर्ड रूमच्या माणसाला काय धास्ती असते ते मी तिच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं. आणि टेबलवर पेशंट असताना कुठल्याही रेकॉर्ड रूमने विचारलं तर प्रश्न विचारायचे नाहीत, आधी सांगायचं, हा तिथला नियम. मावशीने ट्रंक उघडली. आईचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कार्डाचा नंबर, केस नंबर, सगळं खणखणीत आवाजात वाचलं. मग गॅलरीतून हाक मारली, "वहिनी, तुमच्या मोबाइलवर आकडा आलाय, तो सांगा." आईने चष्मा शोधला आणि आकडा एकेक करून ओरडून सांगितला. मधे मी बसलेले. आकडा माझ्या डोक्यावरून गेला आणि मी मेथी निवडत राहिले. मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारी बाई, मला सुचू नये? पण विचारणारी मावशी होती. तिच्यावर कोण शंका घेणार?

तीन आठवड्यांनी आम्ही आईला घेऊन हॉस्पिटलात गेलो. खिडकीतल्या मुलीने कार्ड टाकलं, स्क्रीनकडे बघितलं, आईकडे बघितलं. "आजी, तुमचं पित्ताशय तर काढलेलं आहे." त्याच कार्डावर, मागच्याच आठवड्यात, आम्ही कधी पाहिलाही नाही अशा जिल्ह्यात. आई कुशीवर हात दाबून उभी होती. ती म्हणाली, "मग हे दुखतंय काय?" मुलीने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. आईला सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे, त्या जागी आता 'काही नाही' असं लिहिलेलं होतं. म्हणजे माझी आई समोर उभी, आणि तिच्या नावाची दुसरीच कुणी बाई आत बसलेली. मी मावशीकडे बघितलं. त्या दुपारी फोनवर वाचलेला कार्डाचा नंबर ती हळू आवाजात पुन्हा म्हणत होती.

आईच्या पोटात पित्ताशय आहे हे सिद्ध करायला आम्हाला अडीच महिने लागले. सोनोग्राफी, तक्रार, प्रतिज्ञापत्र, पुन्हा सोनोग्राफी. तेवढे दिवस आईने वरणभातावर आणि वेदनाशामक गोळ्यांवर काढले. मावशी प्रत्येक खेपेला आमच्याबरोबर यायची. शेवटी ऑपरेशन झालं, आई बरी झाली. त्या माणसाला मावशीचं नाव कुणी दिलं ते आजवर कळलेलं नाही. मला मावशीचा राग यायचा, मग माझाच यायचा, मग कुणाचाच यायचा नाही आणि नुसतंच रडू यायचं. आई मात्र म्हणायची, "तिने विचारलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का मी?" हे मावशीच्या बाजूने होतं की विरुद्ध, मी किती दिवस विचार करत होते.

आईला घरी आणल्यावर दोन दिवसांनी मावशीने ट्रंक रिकामी केली. दारोदार गेली, एकेक पिशवी हातात दिली. "हे तुमचं. आता माझ्याकडे नको." लोक म्हणाले, अहो मावशी, राहू द्या की. तिने ऐकलं नाही. प्रत्येक दारात एकच गोष्ट सांगितली, आमच्या दारात तर दोनदा. "कुणीही असो. पेशंट टेबलवर आहे म्हणाला तरी फोन ठेवायचा. केस पेपरवर छापलेला नंबर असतो, त्याच्यावर आपण लावायचा. टेबलवर मीच आहे, तुमची मावशी, असं म्हणाला तरी."

हे ती खरंच बोलली होती.

पुढच्या वर्षी एका दुपारी मी प्रभादेवीला ऑफिसात असताना फोन आला. अनोळखी नंबर, घाईतला आवाज. "हॉस्पिटलमधून बोलतोय. तुमच्या मावशींना शेजाऱ्यांनी आणलंय, तुमचा नंबर त्यांच्या पर्समध्ये मिळाला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? लवकर सांगा, पेशंट टेबलवर आहे."

मी फोन ठेवला.

माझ्या मोबाइलमध्ये तिच्या केस पेपरचा फोटो होता, तिनेच काढायला लावलेला. त्यावरचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. मग लागला, मग एका ठिकाणाहून दुसरीकडे जोडून दिला. अकरा मिनिटं गेली. आधीचा फोन खरा होता. गोळी चालू होती, मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती थोडी शुद्धीवर आली. तोंड वाकडं झालं होतं, बोलता येत नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "मावशी, मी फोन ठेवला गं. तू सांगितलं होतंस तसा." तिने माझ्याकडे बघितलं. उजव्या हाताचं बोट चादरीवर फिरवलं, एक तिरकी रेघ, तिच्या शेजारी दुसरी. मधे काही लिहिलं नाही. शाबासकी होती, की नुसती हाताची सवय, की आणखी काही? तिसऱ्या दिवशी ती गेली. अकरा मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी खरं सांगितलं की माझी समजूत घातली, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

बुद्धवंदना झाल्यावर दाखल्यासाठी तिच्या आधारची प्रत हवी होती. मी त्याच दुकानात गेले. दुकानदाराने न मागता पेन सरकवलं. मी दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि मधे लिहिलं, 'फक्त मृत्यूच्या दाखल्यासाठी. दुसरीकडे चालणार नाही.' तो हळूच म्हणाला, "ताई, आता त्यांचं कोण काय वापरणार?" पहिली प्रत काळी निघाली होती, ती त्याने बाजूला टाकली होती. मी हात पुढे केला आणि तीही मागून घेतली.