म्हाळू डायरेक्ट आणि लाल दिवा

वरवंडात हायवेच्या कडेला येऊन ‘म्हाळू साळवे कुठं असतो’ असं विचारलंत, तर लोक डोकं खाजवतील. ‘म्हाळू डायरेक्ट’ विचारा, शेंबडं पोरही बोट दाखवील. माझ्या दुकानाच्या भिंतीला लागूनच त्याचं पत्र्याचं शेड आहे. मी इंजिनाचे सुटे भाग विकतो, तो गाड्यांची वायरिंग बघतो. आमच्या दोघांच्या मिशा इथंच पिकल्या.

हे डायरेक्ट काय प्रकरण आहे, ते सांगतो. गाडीतला एखादा स्विच किंवा सेन्सर त्रास द्यायला लागला, की म्हाळू त्याच्या दोन वायरी कापायचा, एकमेकींना पीळ घालायचा आणि वरून काळी टेप गुंडाळायचा. दिवा विझला, भोंगा बंद, ड्रायव्हर खूश. दुखणं असेल तिथंच असायचं, फक्त ओरडणाऱ्याचं तोंड बांधलेलं. माझ्या फळीवर नवाकोरा सेन्सर धूळ खात पडायचा आणि गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत हसत निघून जायचं.

मी चिडून म्हणायचो, "म्हाळू, तुझ्यापायी माझी चूल पेटत न्हाई."

"हौसराव, तुझी चूल उसावर पेटती. दुकान तर तू वहिनीपासनं लांब बसाया काढलंस."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं.

या माणसाची पोरगी करुणा. तिनं आधी टेम्पो चालवला, मग हेवी लायसन काढलं आणि गेल्या वर्षी जुनी का होईना, स्वतःची बस घेतली. वडगाव रासाईपासून माणसं गोळा करायची, भीमेचा पूल ओलांडायचा, वरवंडात थांबायचं आणि पहिल्या पाळीला सगळ्यांना कुरकुंभच्या कारखान्यात पोचवायचं. बसमध्ये बाया जास्त. करुणा चालवते म्हणून घरच्यांनी कामाला जाऊ दिलं, अशा कितीतरी जणी आहेत. म्हाळू पोरीसमोर तिचं कौतुक कधी करायचा नाही. तिची पाठ वळली, की मात्र रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून सांगायचा, "ती बघ, ती बस आपली."

या बसला उन्हाळ्यात एक खोड लागली. निम्म्या वाटेवर समोर लाल दिवा पेटायचा, टीं टीं आवाज यायचा आणि इंजिनाची ओढ कमी व्हायची. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, डब्यात कमी झालं की हा दिवा पेटतो. बसचा डबा जुना, पिवळा पडलेला, त्यामुळं बाहेरून पातळी दिसायची नाही. गरम असताना झाकण उघडलं तर तोंडावर वाफ येते. म्हणून करुणा बस बाजूला घ्यायची, इंजिन थंड होईपर्यंत थांबायची, झाकण उघडायची, तर डबा काठोकाठ भरलेला! तोवर पाळी चुकलेली असायची. शनिवारी पाटसच्या पुढं असंच झालं आणि कंपनीच्या वाहतूक साहेबानं तिला बोलावून सांगितलं, सोमवारी परत उशीर झाला तर दुसरी गाडी लावू.

रविवारी सकाळी बस म्हाळूच्या शेडसमोर उभी राहिली. करुणाबरोबर स्नेहलही आली होती. ही आमच्याच गावची, कारखान्यात पॅकिंगला आहे.

"काका, तुमची इद्या वापरा की," ती म्हाळूला म्हणाली. "दिवा डायरेक्ट करून टाका. ही बस बंद झाली तर मी घरी बसले समजा. माझा सासरा वाटच बघतोय."

म्हाळूनं पकड घेतली, बॉनेटखाली वाकला, दोन वायरी चिमटीत धरल्या. हे काम तो बोलता बोलता करतो. त्या दिवशी मात्र तो नुसताच वाकून राहिला. मग सरळ झाला, पकड बाकड्यावर ठेवली आणि घाम पुसत बसला. इतक्या वर्षांत मी त्याला पकड अशी खाली ठेवताना पाहिलं नव्हतं.

"का रं?" मी विचारलं.

"हौसराव, दिवा मुका केला आन् उद्या पानी खरंच संपलं, तर? इंजिन जाम हुईल. भर हायवेला, मागनं कंटेनर."

"हे तुला आजवर कधी सुचलं न्हाई."

"आजवर गाडीत माझी पोरगी न्हवती."

करुणा चाकाशी उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "बाकीच्या गाड्यांत बी कुनाच्या तरी पोरी व्हत्याच की, आबा."

मला म्हाळूकडं बघवेना. मी आपला दुकानात शिरलो आणि फळीवरचा नवा सेन्सर घेऊन आलो. दुःखाच्या वेळीही धंदा सुचतो, असा माझा स्वभाव आहे, काय करणार!

"सेन्सरच गेलाय," मी ठणकावून सांगितलं. "बदला, मिटलं."

म्हाळूनं आधी जोडणीतला गंज खरवडला, वायर कुठं तुटली नाही ना ते टेस्ट लॅम्प लावून पाहिलं आणि मग नवा सेन्सर बसवला. करुणानं चावी फिरवली. लाल दिवा तसाच पेटलेला. स्नेहलनं कपाळाला हात लावला. मी आता सगळी वायरिंगच बदला म्हणणार होतो, पण म्हाळूचा चेहरा बघून गप्प बसलो.

तो शेडच्या कोपऱ्यात गेला. तिथं एक मोठा फाटका स्पीकर पडलेला असतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत म्हाळूनं कितीतरी वर्षं वाजवलेला. परवापरवापर्यंत नवा पडदा घालून परत वाजवीन म्हणायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घातला आणि मागचं जाडजूड चुंबक उचकटून काढलं.

"आबा, त्यो स्पीकर!" करुणा ओरडली.

"ऱ्हाऊ दे. तू चावी लाव."

त्यानं चुंबक सेन्सरजवळ धरलं आणि दिवा विझला. लांब नेलं, दिवा पेटला. पुन्हा जवळ, पुन्हा विझला.

"सेन्सरला काय बी झालं न्हाई," म्हाळू म्हणाला. "जुना बी चांगलाच आसल. हौसराव, हे घे तुझं परत."

आम्ही तिघं बघतच राहिलो. मग त्यानं समजावून सांगितलं. डब्याच्या आत एक तरंगणारा फ्लोट असतो, त्यात छोटं चुंबक असतं. पाणी भरलं की फ्लोट वर येतो, बाहेरच्या सेन्सरला ते चुंबक कळतं आणि दिवा विझतो. फ्लोट खालीच अडकून बसला, तर डबा भरलेला असूनही सेन्सरला रिकामाच वाटणार.

डबा काढून उपडा केला, तर आतून पांढऱ्या खपल्या पडल्या. फ्लोटवर क्षाराचा थर चढलेला. आधी तो मधूनमधून अडकायचा, आता तळाशी कायमचा चिकटला होता. करुणाला विचारलं, पाणी कुठलं घालतेस? म्हणाली, पाळी सुटेपर्यंत बस जिथं उभी असते तिथल्या बोअरचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी कसं आहे ते आमच्या बादल्यांना विचारा. फ्लोट काही सुटा मिळत नाही, डब्यासकट येतो. नशिबानं तसा डबा माझ्या माळ्यावर होता. मी शिडीवर असा चढलो की वहिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं पाहिलं असतं तर चक्कर आली असती.

पण म्हाळू तेवढ्यावर थांबला नाही. "पानी भरावं लागतंच कशाला? ते जातंय कुठं?" असं म्हणून तो गाडीखाली शिरला आणि त्यानं आम्हाला हाक मारली. वॉटर पंपाच्या खाली हिरवट पांढरा ओघळ वाळून बसला होता. पंपाचं सील झिरपत होतं. गरम इंजिनावर थेंब वाळून जायचे, खाली जमिनीवर काहीच दिसायचं नाही. म्हणजे दिवा खोटं बोलत होता, पण संकट खरंच येत होतं. त्या सकाळी दोन वायरी जोडल्या असत्या, तर काय झालं असतं!

पंप माझ्याकडं नव्हता. शिरूरच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. रविवार असून त्यानं शटर उघडलं आणि स्नेहल स्कूटी काढून स्वतः पंप आणायला गेली. ऊन उतरायच्या आत पंप बसला, नवा डबा बसला, आरओचं पाणी आणि कूलंट भरलं. चावी फिरवली. दिवा विझलेला. स्नेहलनं टाळ्या वाजवल्या.

"थांबा," म्हाळू म्हणाला आणि त्यानं खालचा नळ उघडून भरलेलं पाणी बादलीत सोडायला सुरुवात केली. आम्ही सगळे ओरडलो. पातळी उतरत गेली आणि लाल दिवा पेटला, टीं टीं सुरू झालं. म्हाळू पहिल्यांदा हसला.

"आता खरं बोलतुया. भरा पानी."

सोमवारी पहाटे बस वेळेवर गेली. पोचल्यावर साहेब काहीच बोलला नाही, असं करुणानं फोनवर सांगितलं. साहेब गप्प राहिला म्हणजे आनंदच. बस आजही त्याच मार्गावर आहे आणि स्नेहलचा सासरा अजून वाट बघतोय.

त्यानंतरच्या आठवड्यात एक ट्रक शेडसमोर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि घाईघाईनं म्हणाला, "मामा, दिवा सारखा पेटतोय. डायरेक्ट करून द्या, लांब जायचंय."

मी हळूच फळीकडं हात नेला.

"हौसराव, बस खाली," म्हाळू माझ्याकडं न बघता म्हणाला. "पार्ट लागल का न्हाई ते आदी बघू दे." मग त्यानं ड्रायव्हरला विचारलं, "गाडीत संगं कोन हाय?"

"कुनी न्हाई. मी एकटाच."

"आन् घरी?"

"बायको हाय. धाकटी पोरगी हाय, शाळंत जाती."

"मग बस त्या बाकड्यावर," म्हाळू म्हणाला. "येळ लागल." आणि चुंबक घेऊन तो ट्रककडं गेला.