निळा फ्यूज

लोहारा गावातला तो गॅरेजवाला मिस्त्री कुठलीही गाडी हातात घेतली की आधी मागचं दार उघडायचा आणि सीटवर तळहात टेकवायचा, बिघाड इंजिनात असला तरी. मी वर्षानुवर्षं त्याच्याकडे जायचो. नाव कधी विचारलं नाही. तो बोलायचाही गाडीकडेच बघून.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी एक जुनी पांढरी कार घेतली. तिचा हॉर्न वाजत नव्हता. मिस्त्रीनं सीटवर तळहात टेकवला आणि या वेळी बराच वेळ उचलला नाही. मग डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स उघडला. हॉर्नच्या फ्यूजची जागा रिकामी होती.

"उडला नाही साहेब, काढेल हाये. मीनंच काढलता."

"का?"

"दवाखान्यातून मयत याच मागच्या सीटवर गावाले न्यायची होती. डायवरले सवय असते, गावच्या वळणावर हॉर्न मारते. मंग घरचे लेकरं धावत येते, बाप आला म्हणून. म्हणून अशा गाडीचा फ्यूज मी जातानीच काढून ठेवतो. वापस आली का बसवून देतो."

त्यानं पत्र्याची डबी उघडली. आत एकच निळा फ्यूज होता.

"हे गाडी तवा वापस आलीच नाही," म्हणत त्यानं तो बसवला. "वाजवा."

मी हॉर्न दाबला. तो जोरात वाजला.

मिस्त्री मागं गेला, मागचं दार उघडून बाजूला सरकला आणि थांबला. एखाद्या माणसाला उतरायला लागतो तेवढाच वेळ. मग त्यानं दार हळूच लावलं.

"आता न्या," तो म्हणाला.