एक स्मॉल ॲड

चहा घ्या आणि ऐका. हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्ये नको. मी एका घुबडापायी एका अनोळखी जिवाला पोलिसात द्यायची धमकी दिली. आणि घुबड तरी खरं असावं ना? ते मोबाइलमधलं!

माझी भाची स्वरा, वय अकरा, मुरुडला आमच्याकडेच असते. ती एक खेळ खेळते. त्यात प्राणी पाळायचे, वाढवायचे आणि आपला देऊन दुसऱ्याचा घ्यायचा. या देवघेवीला म्हणतात ट्रेड. आणि ट्रेड करणाऱ्या पोरांची भाषा काय वर्णावी! मी मराठी घेऊन एमए केलंय, नवा शब्द दिसला की मला राहवत नाही. मी स्वराच्या मागे लागून चक्क वही केली. 'एलएफ' म्हणजे लुकिंग फॉर, अमुक प्राणी शोधतोय. एकसारखे चार प्राणी वाढवून एक केले की चमकणारा होतो, तो 'निऑन'. 'फेअर' म्हणजे सौदा बरोबरीचा. पानंच्या पानं भरली. फक्त जे शब्द मला येतात असं वाटलं, ते मी विचारले नाहीत. इथेच माती खाल्ली.

आमची आई बाजारात मासळी विकते. दुपारी घरी जवळा निवडत बसली की तिलाही ऐकायचं असायचं. हे काय, ते कशाला, विचारत राहायची. मी एकदा सांगायचे, दुसऱ्यांदा चिडायचे. घरातल्या मोठ्यांना मोबाइल समजावताना मला धाप लागते, काय करू?

तर स्वराला आठ महिने एक घुबड हवं होतं. अखेर एक खेळाडू द्यायला तयार झाला, पण शनिवारी चार वाजता. नेमकी तेव्हाच तिची क्लासमध्ये परीक्षा. तिने फोन माझ्या हातात दिला आणि दहा वेळा बजावलं.

"मावशी, निऑन कासव द्यायचं, घुबड घ्यायचं. माझ्या बकरीला हात लावायचा नाही. आणि हे घुबड गेलं तर दुसरं मिळणार नाही."

मी म्हटलं, जा गं, एवढं मला जमतं.

चार वाजता समोरचा हजर. त्याने घुबड ठेवलं, मी कासव ठेवलं. आता हिरवं बटण दाबायचं की झालं. तेवढ्यात त्याने लिहिलं, 'ॲड'.

हा शब्द मला येत होता. फ्रेंड म्हणून ॲड कर. मला खटकलं. ट्रेडला आलास, मैत्री कशाला? मी विचारलं, कशासाठी. तो म्हणतो, 'स्मॉल ॲड'.

स्मॉल! म्हणजे पोरगी लहान आहे हे याला ठाऊक आहे! माझं डोकं फिरायला लागलं. तरी शांतपणे विचारलं, 'हाऊ ओल्ड?'

उत्तर आलं, 'फुल ग्रोन'.

सांगा, तुम्ही काय समजला असता? पूर्ण वाढ झालेला बाप्या अकरा वर्षांच्या मुलीला ॲड कर म्हणतो आणि वर निर्लज्जपणे कबूल करतो! मी जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. सायबर पोलीस, तुझे आईवडील, सगळं काढलं. त्याने तीन प्रश्नचिन्हं पाठवली. मी ब्लॉक केलं आणि छाती फुगवून आईला सगळं वाचून दाखवलं.

आईने जवळ्यातला कचरा बाजूला टाकला.

"अगो, तो दोस्ती न्हाय मागत. वर मागतोय."

"म्हणजे?"

"मासळीचा वाटा घेतला की गिऱ्हाईक म्हणतं ना, वर दोन टाक? तसं. कासवावर जरा काय तरी टाक म्हणतोय."

मी सगळं परत वाचलं. मग फुल ग्रोन? ते म्हणे घुबडाचं वय. पूर्ण वाढलेलं घुबड. हे आईने, मी वही भरत होते तेव्हा, बाजूला बसून ऐकलं होतं. स्वरा बोलायची, मी लिहायचे आणि ध्यान देऊन ऐकायची ती आई.

स्वरा घरी आली, तिने वाचलं. डोळे भरले. ब्लॉक काढला, माफी मागितली. समोरची नागपूरची दहा वर्षांची मुलगी निघाली आणि ती रडून बसली होती! आता तिला स्मॉल ॲड चालेना, मोठी हवी. आई स्वराच्या शेजारी सरकून बसली आणि बाजारात घासाघीस करते तशी करायला लागली. मला दोघींनी स्वयंपाकघरात पाठवलं. घुबड आलं, पण बकरी गेली. ती स्वराची पहिली बकरी होती. दोन दिवस स्वरा माझ्याशी बोलली नाही.

परवा एसटी स्टँडवर स्वराच्या शाळेच्या दोन मुली उभ्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, की ट्रेड अगदी ठरला होता, पण समोरच्याने मावशी केली.

मला राहवेना. नवा शब्द! वही पिशवीतच होती. मी विचारलं, मावशी केली म्हणजे काय गं?

"ट्रेडमधलं आहे, काकू," ती म्हणाली. "काही न कळता आधी भांडायचं आणि मग ब्लॉक करायचं."

मी लिहून घेतलं. शुद्धलेखनासकट.