आरोपीची बायको

कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र या दोन पदव्या मी एकत्र करत होते, तेव्हाची गोष्ट. कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीला आलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचं मंगळसूत्र हिसकावणाऱ्या आरोपीची बायको शेजारीच होती, तान्हं मूल घेऊन.

"काही खाल्लंस का गं?" बाईंनी विचारलं आणि डब्यातली पोळी तिच्या हातावर ठेवली.

मग आत जाऊन त्यांनी आरोपीकडे बोट दाखवलं. "हाच तो." आवाज जराही कापला नाही.

काय घडलं, का घडलं, हे दोन प्रश्न मी कायद्याच्या आणि गुन्हेगारीशास्त्राच्या वेगवेगळ्या तासांना शिकत होते. इथे ते एकाच माणसात शांतपणे नांदत होते.

त्या बाहेर आल्यावर आरोपीच्या बायकोने विचारलं, "ओळखलंत ना त्यांना?"

"हो. खोटं कसं सांगू?"

तिने मान हलवली, डोळे पुसले. पदर सावरता यावा म्हणून मूल तिने बाईंकडेच दिलं.