ठोक्यामामाचे पांढरे दाणे

माझ्या मामाला कामावर सगळे ठोक्या म्हणत, कारण सांडपाण्याच्या केंद्रात तो पाइप ठोकत असे. तिथे गाळ यंत्रात दाबून पिळतात आणि निघालेलं काळपट पाणी पाइपातून पुढे जातं. त्यातले क्षार पाइपाच्या आत दगडासारखे धरतात, पांढरे आणि टणक. छिन्नी-हातोडा घेऊन मामा तो दगड फोडायचा आणि कचऱ्यात टाकायचा. उभी हयात त्यातच गेली. घरी आला की आई त्याला मागच्या दाराने घ्यायची, अंघोळ झाल्याशिवाय पाणीसुद्धा विचारायची नाही. मला तिचा राग यायचा, पण नाक मीही दाबायचेच.

मग केंद्रात एक उंच टाकी बसली. पाइपात धरणारा तो दगड आधीच टाकीत धरू द्यायचा, अशी युक्ती होती. पिळलेल्या पाण्यात एक क्षार मिसळून ढवळत ठेवलं की तळाशी पांढरे दाणे बसत, आणि ते उत्तम खत होतं. टाकी मामाच्या ताब्यात आली, हातोडा खुंटीला लागला. तो मूठभर दाणे घरी घेऊन आला आणि एकेकाच्या नाकाखाली धरत सुटला.

"घे वास. येतोय का?"

खरंच येत नव्हता. कामावरून घरी दाखवायला त्याने काही आणलं ते आयुष्यात पहिल्यांदाच.

पण खताला गिऱ्हाईक मिळेना. हंगाम संपेपर्यंत माल उचलला गेला नाही तर टाकी बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं. मामा हात धुऊन आईच्या मागे लागला. तिची रोपांची नर्सरी होती. बरेच आढेवेढे घेऊन तिने गुलाबांच्या एका रांगेला दाणे घातले आणि बजावलं, "कुठे बोलायचं नाही." गुलाब असे फुलले की गिऱ्हाइकं तीच रांग मागू लागली. आई सगळी पोती घ्यायला तयार झाली.

ती रांग बघायला मामा नवा शर्ट घालून आला. एक बाई कुंडी उचलून फुलाचा वास घेत होत्या.

"काय घालता हो याला?"

"शेणखत," आई म्हणाली.

मामाला ते सोसलं नाही. आयुष्यभर तोंड लपवून राहिलेल्या माणसाला कधी नव्हे ते मिरवावंसं वाटलं, त्यात त्याचं काय चुकलं? "अहो, शेणखत कसलं! आमच्या टाकीतला माल आहे. तुमच्या-आमच्या संडासातूनच येतो," तो हसत म्हणाला.

बाईंनी कुंडी खाली ठेवली आणि रुमालाने हात पुसले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आईने ती रांग उपटून टाकली.

"तू आता नर्सरीत येऊ नकोस."

"वास येत नाही गं पण," मामा म्हणाला.

टाकी बंद झाली. पोत्यांनी जागा अडते म्हणून साहेबांनी ती केंद्रात येणाऱ्या सांडपाण्यातच ओतायला लावली. मामाने स्वतःच्या हातांनी ओतली.

परवा मी त्याचा डबा द्यायला गेले. पाइप उघडा होता, आत जाड पांढरा थर. ओतलेले दाणे विरघळून, गाळात जाऊन, पिळले जाऊन पुन्हा पाइपात धरले होते.

"आमचाच माल," मामा म्हणाला.

त्याने एक कपची उचलली, थोडा वेळ हातात धरली. माझ्या नाकापाशी काही आणली नाही. कचऱ्याच्या बादलीत टाकली आणि हातोडा घेतला.